खोलीतून समुद्र दिसतो, पण त्यात उतरता येतं का?

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: आम्ही दोघं, ९ आणि ४ वर्षांची दोन मुलं, सोबत गुडघ्यांनी हैराण झालेली ६८ वर्षांची आई. सात रात्री हाताशी. जुलैअखेर किंवा ऑगस्टची सुरुवात, कारण सगळ्यांना सुट्टी तेव्हाच. फुकेत, बाली, कानकून अशा एखाद्या गरम हवेच्या समुद्रकाठच्या शहरात जायचंय. समुद्राकडे तोंड असलेलं चांगलं हॉटेल सुचवा आणि सात दिवसांत काय काय बसवता येईल ते सांगा.

हॉटेल मी सुचवणार नाही, निदान आत्ता नाही. गेली बावीस वर्षं लोकांच्या सहली आखून देते आहे. समुद्रकाठच्या सहलींबद्दल जेवढ्या कुरबुरी कानावर आल्या, त्यांत हॉटेलबद्दलच्या अगदी थोड्या. खोली छान होती, नाश्ता छान होता, माणसं गोड होती. फक्त समुद्रात सात दिवसांत दोनदाच उतरता आलं, बाकी वेळ मुलं तरणतलावात. एवढं विमानाने जाऊन तरणतलावात डुंबायचं, तर मग समुद्र कशाला हवा होता?

चूक क्रमात होते. लोक आधी शहर ठरवतात, मग हॉटेल, मग तारखा, आणि समुद्र कसा असेल हे तिथे पोहोचल्यावर गच्चीतून बघतात. मी उलट्या बाजूने जाते. महिना कोणता? त्या महिन्यात कुठल्या देशाचा कुठल्या बाजूचा किनारा शांत असतो? त्या किनाऱ्याच्या कुठल्या तुकड्यावर मुलं पाण्यात उतरू शकतात? तो तुकडा नक्की झाला की त्याच्या पाठीमागची चार-पाच हॉटेलं उरतात, आणि त्यांतून निवडायला माझी गरज लागत नाही.

आता महिना. उष्ण कटिबंधातला समुद्र बहुतेक ठिकाणी वर्षभर २६ ते ३० अंशांच्या घरात असतो, म्हणून लोकांना वाटतं कधीही जावं. पाणी गार नसतं हे खरं, पण अडतं ते वाऱ्यामुळे आणि लाटांमुळे. फुकेतचंच घ्या. मे ते ऑक्टोबर तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे असतात, आणि पातोंग, करोन, काता हे सगळे गाजलेले किनारे बेटाच्या पश्चिमेला, म्हणजे थेट वाऱ्याच्या तोंडावर. दिवसभर पाऊस कोसळतो असं नाही. एखादी जोरदार सर येते आणि तासाभरात ऊनही पडतं. त्यामुळे पावसाळ्यात गेलेले लोक परत येऊन ‘काही त्रास झाला नाही हो’ असं सांगतात. पण समुद्रात धोका असल्याचं सांगणारा लाल बावटा पाऊस बघून लावत नाहीत, पाणी बघून लावतात. या महिन्यांत हॉटेलं स्वस्त मिळतात, त्याचं कारणही तेच.

त्याच थायलंडचं कोह सामुई बेट द्वीपकल्पाच्या दुसऱ्या अंगाला, थायलंडच्या आखातात आहे. जुलै-ऑगस्टमध्ये ते बऱ्यापैकी कोरडं असतं. तिथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा. फुकेतहून विमानाने फार तर तासाभराचं अंतर, पण ऋतू वेगळा. श्रीलंकेचंही तसंच. बेंतोटा, मिरिस्सा हा नैर्ऋत्य किनारा डिसेंबर ते मार्चमध्ये गोड असतो, तर त्रिंकोमालीचा पूर्व किनारा मे ते सप्टेंबरमध्ये. मलेशियात पेरहेंतियन आणि रेदांग ही पूर्वेकडची बेटं नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ कुलूपबंद असतात, आणि नेमकं तेव्हा पश्चिमेकडचं लंकावी खुललेलं असतं. ‘थायलंडला कधी जावं?’ या प्रश्नाला म्हणूनच एका ओळीत उत्तर देता येत नाही.

मेक्सिकोच्या कानकूनला तुमच्या तारखा दोन कारणांनी गैरसोयीच्या. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरतात आणि त्यातला जोर ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत. तुमच्या आठवड्यातच वादळ येईल असं मुळीच नाही, बहुतेक वेळा येत नाही. पण २००५ च्या ऑक्टोबरमध्ये विल्मा चक्रीवादळ तिथे इतका वेळ घुटमळलं की किनाऱ्यावरची वाळूच वाहून गेली आणि नंतर समुद्रतळातून वाळू उपसून किनारा पुन्हा भरावा लागला. दुसरं कारण सारगॅसम. हे तपकिरी शेवाळ २०११ पासून ढिगांनी कॅरिबियन किनाऱ्यांवर येऊन पडू लागलं आहे, आणि त्याचा मोसम साधारण उन्हाळ्याचाच. कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हॉटेलवाले पहाटे ट्रॅक्टर लावून उचलतात, दुपारी नवीन ढीग हजर. कॅरिबियनच हवं असेल तर दक्षिणेला उतरा. अरुबा आणि कुरासाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण १२ अंशांवर, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या खाली आहेत. विषुववृत्ताच्या अगदी जवळ, पाचेक अंशांच्या आत, चक्रीवादळं सहसा तयारच होत नाहीत, कारण वाऱ्यांना गोल फिरवणारा पृथ्वीच्या भ्रमणाचा परिणाम तिथे फार क्षीण असतो.

म्हणजे तुमच्या यादीतून फुकेत आणि कानकून गेलं. उरलं बाली, जिथे जुलै-ऑगस्ट कोरडा मोसम आहे, आणि जोडीला सामुई. बालीला या दिवसांत गर्दी भयंकर असते, ती मात्र सोसावी लागेल.

पण ‘बाली’ एवढ्यावर भागत नाही. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं कुटा आणि सेमिन्याक हे लाटांवर स्वार होणाऱ्यांचं माहेर. कोरड्या मोसमात तिथे दक्षिणेकडून मोठ्या, सलग लाटा येतात. सर्फिंग शिकायचं असेल तर उत्तम, पण चार वर्षांच्या पोराला घेऊन कंबरभर पाण्यात उभं राहायचं असेल तर नाही. पूर्वेकडचं सानूर आणि दक्षिणेकडचं नुसा दुआ इथे किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाचा खडक आडवा पसरलेला आहे. लाटा तिकडेच फुटतात, आतलं पाणी तळ्यासारखं. सानूरला या दिवसांत वारा खूप असतो, आकाशात प्रचंड पतंग दिसतात, पण पाणी निवांत. मी तुमच्या जागी असते तर सानूर निवडलं असतं, आणि त्याचं अर्धं कारण तुमच्या आई आहेत. त्याबद्दल पुढे.

एकाच शहराची दोन तोंडं ही सगळीकडची गोष्ट आहे. कानकूनचा हॉटेलांचा पट्टा नकाशावर इंग्रजी ७ च्या आकड्यासारखा दिसतो. वरच्या आडव्या दांडीवरचे किनारे समोरच्या इस्ला मुहेरेस बेटाच्या आडोशाला असल्यामुळे शांत, आणि उभ्या दांडीवरचे उघड्या समुद्राकडे, रंग अप्रतिम आणि माणसाला आत खेचणारी पाण्याची ओढ जबरदस्त. दोन्हीकडच्या हॉटेलांच्या जाहिरातीत निळ्या पाण्याचा फोटो सारखाच. हवाईच्या होनोलुलूला वायकीकीचा किनारा बेटाच्या दक्षिणेला, तर त्याच बेटाच्या नॉर्थ शोअरला हिवाळ्यात घराएवढ्या लाटा येतात आणि उन्हाळ्यात तोच किनारा बशीतल्या चहासारखा पडून असतो. मॉरिशसला जुलै-ऑगस्टमध्ये आग्नेयेचे व्यापारी वारे पूर्व किनाऱ्यावर थडकत असतात, म्हणून तेव्हा पश्चिमेला राहावं.

सगळ्यात मोठा भ्रमनिरास ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला होतो. ग्रेट बॅरियर रीफचं प्रवेशद्वार म्हणून लोक तिथे जातात, शहराच्या मध्यावर खोली घेतात, आणि खिडकीतून बघतात तर चिखल. शहरापुढे पोहण्याजोगा किनाराच नाही, ओहोटीला नुसती दलदल उघडी पडते. म्हणून तर नगरपालिकेने २००३ मध्ये समुद्राकाठीच मोठा कृत्रिम तलाव बांधला. वाळूचे किनारे उत्तरेला गाडीने थोडं गेल्यावर लागतात, आणि तिथेही साधारण नोव्हेंबर ते मे विषारी बॉक्स जेलीफिशच्या भीतीने जाळी लावलेल्या जागेतच पोहायचं. मगरींच्या पाट्या असतात त्या गंमत म्हणून लावलेल्या नाहीत. शहर सुंदर आहे, पण काय मिळणार हे माहीत असून गेलं पाहिजे.

आता भरती-ओहोटी. यावर जरा रेंगाळते, कारण मी स्वतः इथे सपशेल आपटले होते.

धंद्यात नवीन असताना एका कुटुंबाला पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबार बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर पाठवलं आणि हौसेने स्वतःही दोन दिवस गेले. संध्याकाळी पोहोचलो तेव्हा पाणी हॉटेलच्या भिंतीला लागलेलं, हिरवंनिळं, सगळे खूश. सकाळी आठला मुलं पोहण्याचे कपडे घालून, कमरेला रबरी चाकं अडकवून खाली आली आणि पायरीवरच थांबली. समुद्र नव्हता. जिथवर नजर जाईल तिथवर ओली वाळू, शेवाळ, मधूनमधून घोटाभर पाण्याची डबकी, आणि दूरवर बायका वाकून काहीतरी करत होत्या. तिथे समुद्री शेवाळाची शेती चालते. खुंट्यांना बांधलेल्या दोऱ्यांवर शेवाळ वाढवतात आणि ओहोटीत ते तोडायला जातात. लाटांची पांढरी रेघ जवळजवळ किलोमीटरभर लांब. धाकटा मुलगा वडिलांना म्हणाला, ‘बाबा, पाणी कोणी नेलं?’ मला तोंड लपवायला जागा नव्हती. हॉटेलचा माळी हसत एका फळ्याकडे बोट दाखवत होता. त्यावर खडूने दोन वेळा लिहिल्या होत्या. तो फळा मी आदल्या संध्याकाळी बघितला होता आणि नाश्त्याची वेळ समजून पुढे गेले होते.

तिथे उधाणाच्या दिवसांत पाण्याची पातळी ४ मीटरपर्यंत वरखाली होते. उथळ, सपाट किनाऱ्यावर ४ मीटर म्हणजे एवढं अंतर. त्याच बेटाच्या उत्तर टोकाला, नुंग्वी आणि केंड्वाला, तळ पटकन खोल होत जातो आणि ओहोटीतही पोहता येतं. कॅरिबियनमध्ये मात्र हा फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरच्या आतबाहेर असतो, तिथे हा अध्याय सोडून दिला तरी चालतं.

हिशोब सोपा आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, आणि वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. पहिल्या दिवशी ओहोटी सकाळी नऊला असेल तर सहाव्या दिवशी ती दुपारी एकच्या सुमाराला येईल. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. अष्टमीच्या आसपास दोन्हींचा जोर कमी. कुठल्याही किनाऱ्याचं भरतीचं वेळापत्रक कित्येक महिने आधी फुकट बघायला मिळतं. तुमच्या सात दिवसांचं उतरवून घ्या. भरतीच्या आधीचे दोन आणि नंतरचे दोन तास पोहायचे. भर ओहोटीचे तास डबक्यांतले खेकडे-शंख बघायचे, फिरायला जायचे किंवा झोपायचे. सानूरलाही उधाणाच्या ओहोटीत आतलं तळं बरंच रिकामं होतं आणि खालचे प्रवाळ उघडे पडतात. रबरी तळाचे पाण्यातले बूट पाचही जणांना घ्या, तिथे गेल्यावर नाही, इथूनच.

जागा जवळपास ठरली की मी उपग्रहाचा नकाशा उघडून बसते. हॉटेलांच्या नावांचे शेंदरी ठिपके बंद करून नुसतं चित्र बघायचं. किनाऱ्याला लागून पांढरी रेघ दिसते का, की ती बाहेर दूर आहे? दूर असेल तर मध्ये खडक आहे, आत पाणी शांत. वाळूजवळ पाण्यात काळपट डाग म्हणजे शेवाळ किंवा दगड. नदी, ओढा किंवा पावसाचं गटार कुठे समुद्राला मिळतं? त्याच्या शेजारचं हॉटेल नको. जोराचा पाऊस झाला की पुढचे दोन-तीन दिवस तिथलं पाणी तांबूस असतं आणि त्यात शहराची घाणही असते. हॉटेल आणि वाळू यांच्यामध्ये चौपदरी रस्ता आहे का, तेही तिथेच दिसतं. ‘समुद्रापासून दोन मिनिटांवर’ या वाक्यात रस्ता ओलांडायची वाट बघण्याची मिनिटं धरलेली नसतात. आणि ‘अंशतः समुद्रदर्शन’ म्हणजे गॅलरीत उजवीकडे वाकायचं.

मग पाहुण्यांनी टाकलेले फोटो बघते, पण तारखेनुसार गाळून. फेब्रुवारीतला फोटो तुमच्या कामाचा नाही. मागच्या दोन-तीन वर्षांतले तुमच्याच महिन्यातले फोटो शोधा, त्यात कोणी खरंच पाण्यात दिसतंय का बघा. सगळे वाळूवर आणि पाण्यात एकही डोकं नाही, असे फोटो दिसले की मी पुढे बघत नाही.

ओढीबद्दल लिहायलाच हवं. एकदा जूनमध्ये फुकेतच्या करोनला वाळूवर बसले होते. लाटा सलग फुटत होत्या, फेसच फेस, आणि मधेच खोलीभर रुंदीचा एक पट्टा होता जिथे लाट फुटतच नव्हती. पाणी तिथे जरा गडद, वर बारीक खळबळ, आणि फेसाचे तुकडे उलट्या दिशेने, समुद्राकडे सरकत होते. एक गृहस्थ मुलीचा हात धरून आले, दोन्हीकडच्या लाटांकडे बघितलं आणि अगदी विचार करून त्या शांत पट्ट्याकडे निघाले. कुठलाही शहाणा माणूस तेच करेल, आणि ते चुकीचं आहे. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. ती वाट म्हणजे तो शांत दिसणारा पट्टा. त्याला रिप करंट म्हणतात. जोरात असला तर सेकंदाला २ मीटरच्या पुढे ओढतो, आणि त्याच्याशी निष्णात पोहणाराही फार वेळ झुंजू शकत नाही. जीवरक्षकाने शिट्टी मारली म्हणून ते थांबले.

सापडलंच तर किनाऱ्याकडे तोंड करून हातपाय मारायचे नाहीत, त्यातच माणूस दमून बुडतो. तरंगत राहायचं, हात वर करायचा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं. लाल-पिवळ्या बावट्यांच्या जोडीमधली जागा जीवरक्षकांच्या नजरेत असते, तिथेच उतरायचं. एकटा लाल बावटा म्हणजे धोका. बाकी रंगांचे अर्थ देशागणिक बदलतात, कानकूनला बंदीसाठी काळा असतो, तर काही ठिकाणी त्यासाठी दोन लाल. पहिल्या दिवशी पाटी वाचा. आणि ते फुगवायचे फ्लेमिंगो, मगरी वगैरे तरणतलावासाठी ठेवा. वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो तेव्हा पाणी आरशासारखं दिसतं आणि फ्लेमिंगो मुलासकट बघता बघता बाहेर जातो.

आता तुमच्या आई. समुद्रकाठची सहल वयस्कर माणसाला जड जाते ती पायऱ्यांमुळे आणि भुसभुशीत वाळूमुळे. टेकडीवरची हॉटेलं फोटोत सगळ्यात देखणी असतात आणि गुडघ्यांना सगळ्यात वाईट. हॉटेलला मेल टाकून तीन गोष्टी विचारा: खोलीपासून नाश्त्याच्या जागेपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबते का, आणि वाळूपर्यंत फरसबंद वाट आहे का. ‘सोयीस्कर आहे’ असं उत्तर आलं तर आकडा मागा. सानूर मला तुमच्यासाठी आवडतं ते यासाठी: किनाऱ्याला लागून काही किलोमीटरची सपाट बांधलेली वाट आहे, झाडांची सावली आहे, जागोजागी बसायला आहे. त्या रोज सकाळी एकट्याने चालून येऊ शकतील, त्यांना कोणाच्या मागे फरफटावं लागणार नाही. सात दिवस कोणावरही अवलंबून नसणं ही या वयात फार मोठी सुट्टी असते.

सात दिवसांत काय काय बसेल? बाहेरचे फक्त तीन कार्यक्रम. तुमच्या मनात सात असतील. पहिला दिवस प्रवासात जातो. विमान पहाटे उतरतं आणि खोली दुपारी दोन-तीनला मिळते, हे तिकीट काढतानाच लक्षात घ्या. चार वर्षांचं मूल घेऊन सहा तास लॉबीत काढण्यापेक्षा आदल्या रात्रीचे पैसे भरलेले परवडतात.

होडीचा कार्यक्रम दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ठेवा. शेवटी ठेवला आणि समुद्र खवळला तर पर्यायी दिवस उरत नाही. आणि सकाळचीच फेरी घ्या. दिवस चढला की जमीन तापते, समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी पाणी उसळायला लागतं. सकाळी सव्वातासात झालेला प्रवास परतताना कंबर मोडतो. वेगवान होडीत पुढच्या बाजूला आदळआपट जास्त, म्हणून आईंना मागे, इंजिनाजवळ बसवा. उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा-एक तास घ्यायची. मळमळायला लागल्यावर घेतली तर ती मासे खातात. सानूरहून नुसा पेनिडा बेटावर जायला आता चांगला धक्का आहे, पूर्वी पाण्यातून चालत जाऊन होडीत चढावं लागायचं. पण मधली सामुद्रधुनी ओढीसाठी प्रसिद्ध आणि या दोन महिन्यांत जास्तच उसळती. पेनिडावरचे नावाजलेले कडे बघायला उभ्या पायऱ्या आहेत, तिथे आई आणि धाकटा दोघंही अडतील. त्यापेक्षा शेजारचं लेम्बोंगान बरं. किंवा त्या दिवशी दोन गट करा. सगळ्यांनी सगळं बघितलंच पाहिजे असा काही दंडक नाही.

कुठलंही ठिकाण ठरवताना ते त्या महिन्यात उघडं आहे ना, हे एकदा बघावं. थायलंडची सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. तिथलीच माया बे ही खाडी २०१८ मध्ये प्रवाळ वाचवण्यासाठी बंद केली, २०२२ मध्ये उघडली, पण आत पोहायला मनाई आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दरवर्षी विश्रांती देतात. बालीत मार्चच्या आसपास न्येपी, म्हणजे तिथल्या नववर्षाचा मौनाचा दिवस, येतो. त्या दिवशी विमानतळसुद्धा २४ तास बंद असतो आणि पाहुण्यांनाही हॉटेलबाहेर पडता येत नाही. तुमच्या तारखांना त्याची चिंता नाही, पण मार्चचं तिकीट काढून रडणारे मी पाहिले आहेत.

तुम्हा दोघांपैकी कोणाला स्कूबा डायव्हिंग करायचं असेल तर ते पहिल्या चार-पाच दिवसांत उरका. एकच डाइव्ह असेल तर विमानात बसण्याआधी किमान १२ तास, अनेक असतील तर किमान १८ तास जाऊ द्यावे लागतात, कारण रक्तात विरघळलेला नायट्रोजन हवेचा दाब कमी झाल्यावर बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. मी सरळ एक पूर्ण दिवस सोडते. डाइव्हनंतर लगेच ज्वालामुखीच्या डोंगरावर जाणंही त्याच कारणासाठी टाळायचं. नुसतं पाण्यावर तरंगत मासे बघण्याला, म्हणजे स्नॉर्केलिंगला, हे बंधन नाही.

उन्हाबद्दल सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. विषुववृत्ताजवळ दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या वर जातो आणि पातळ ढगांतून त्यातला बराचसा भाग खाली येतो. वाऱ्यामुळे चटका जाणवत नाही इतकंच. मुलांना लांब बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घाला, अर्धी लढाई तिथेच जिंकता. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा. विकत घेताना ऑक्सीबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेलं घ्या. प्रवाळाला अपाय होतो म्हणून हवाईत २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी आहे आणि थायलंडच्या सागरी उद्यानांतही ते चालत नाही. अकरा ते तीन सगळ्यांनी खोलीत. धाकट्याची झोप होते, आणि संध्याकाळी भांडणं कमी होतात.

डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून डासांचं औषध सकाळीही लावा. ताप परतल्यावर आठवड्याभरातही येऊ शकतो; आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते सांगा आणि स्वतःच्या मनाने अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊ नका. प्रवाळाने खरचटलेली जखम छोटी दिसली तरी गोड्या पाण्याने आणि साबणाने नीट धुवा, दमट हवेत ती चिघळते.

कागदपत्रांत एकच नेहमी राहतं: पासपोर्टची मुदत पोहोचण्याच्या दिवसापासून किमान सहा महिने हवी, आणि मुलांच्या पासपोर्टची मुदत मोठ्यांपेक्षा लवकर संपते. कार्ड घासताना मशीन ‘तुमच्या चलनात की इथल्या?’ असं विचारतं. नेहमी तिथलं चलन निवडा. आपल्या चलनाचा पर्याय सोयीचा दिसतो आणि दर वाईट लावतो. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर विम्याची अट वाचा. परवाना त्या देशात ग्राह्य नसेल तर अपघाताचा खर्च बहुतेक विमा कंपन्या देत नाहीत, आणि समुद्रकाठच्या शहरांत पर्यटक इस्पितळात पोहोचतात ते बहुधा स्कूटरवरूनच. विमा तिकिटाबरोबरच काढा. वादळाला नाव मिळाल्यानंतर काढलेला विमा त्या वादळापुरता उपयोगाचा नसतो.

शेवटचा दिवस. खोली अकरा-बाराला सोडायची आणि विमान रात्री, हे जवळजवळ ठरलेलं. आदल्या रात्रीच विचारून ठेवा की सामान ठेवून घेतील का आणि संध्याकाळी अंघोळीला जागा मिळेल का. बऱ्याच हॉटेलांत मिळते, पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. त्या दिवशीची भरतीची वेळ बघा. ती सकाळची असेल तर नाश्त्याआधीच मुलांना पाण्यात सोडा, आणि पोहण्याचे कपडे दहाच्या आत पिळून उन्हात टाका. ओले कपडे बॅगेत घातले तर वजनाच्या काट्यावर दोन किलो वाढतात, आणि घरी पोहोचेपर्यंत अख्ख्या बॅगेला कुबट वास लागतो. भरतीचं वेळापत्रक उतरवून झालं की तुमच्या नेमक्या तारखांसकट पाठवा, मग हॉटेलचं बोलू.